पाण्याची वेळ

भिंतीला कान असतात बोलतात, ते आमच्या घरात खरं झालं, आणि ते कान माझ्याच पोरानं बसवले. प्रविण माझा एकुलता एक. धाटावला कंपनीत शिफ्टला जातो, रोह्यात फ्लॅट हाय, बायको प्रतिक्षा, एक शाळेत जाणारी पोर. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी इकडं पेणच्या खाडीकाठी. जिते स्टेशनात उतरायचं, रिक्षा करायची आणि रस्ता संपला की आमचं घर. मागचं दार उघडलं की समोर बांध, बांधापलीकडं खाडी.

गेल्या पावसात आमचा म्हातारा मोरीत घसरला. हाड मोडलं नाय, देवाची कृपा, पण कंबर काळीनिळी झाली आणि प्रविणच्या तोंडचं पाणी पळालं. तो तडक आला आणि बोलला, बास झालं, आता दोघांनी रोह्याला चला. लिफ्ट हाय, दवाखाना जवळ, कशाला काय कमी नाय. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, कमरेला तेल चोळत बसला होता, आणि बोलला, "तुज्या घरातून खाडी दिसते का?" प्रविण बोलला, नाय. "मंग मी तिथं करू काय?" झालं, विषय संपला.

खोटं कशाला बोलू, मी एकटी असते तर गेले असते. रोह्याच्या नळाला कधी बघावं तवा पाणी असतं, मला ते फार आवडतं. पण या माणसाला मी ओळखते. अख्खा जन्म त्यानं उघाडी सांभाळली. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरती आली की ते लावायचं, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नाय, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की उघडायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी खाडीत निघून जातं. गावानं हे काम त्याच्यावर सोपवलं आणि त्यानं ते अंगाला लावून घेतलं. आता तिथं लोखंडी झडप बसली हाय, पाण्याच्या रेट्यानं आपली आपण लागते, आपली आपण उघडते. भातशेती पण निम्मी पडीक. तरी भरती आली की हा बांधावर हजर. त्याला खाडीपासून तोडला तर महिन्यात वाळून जाईल, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून मी पण हट्टाला पेटले.

शेवटी मधला मार्ग निघाला. प्रविणनं कुठल्याशा कंपनीची माणसं आणून घरभर डबड्या लावल्या. मी त्यांना डबड्याच बोलते. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात एक, ती फोटो काढत नाय, फक्त कोण हललं ते बघते. मागच्या-पुढच्या दाराला एकेक. गादीखाली एक पट्टी, माणूस झोपला की उठला ते तिला कळतं. मोरीत धरायला दांडे, आणि पाय ठेवला की आपोआप पेटणारा दिवा. गॅस विसरला तर स्वतःच बंद होतो. आणि फळीवर एक बोलणारी डबी. "आपल्या औषधांची वेळ झाली आहे," असं ती इतकं शुद्ध बोलते की मी तिचं नाव पुण्याची सूनबाई ठेवलं. ही सगळी खबर रोह्यात प्रविणच्या फोनवर जाते. सगळं ठीक तर हिरवा ठिपका, थोडं बिघडलं तर पिवळा, जास्त बिघडलं तर लाल. आणि अट एकच, ठिपका लाल राहायला लागला तर मुकाट रोह्याला यायचं. म्हाताऱ्यानं मान हलवली, मी पण हलवली.

नावं ठेवली तरी त्या मोरीतल्या दिव्याला मी हात जोडते. भिंत चाचपडत जायची सवय त्यानं मोडली. गॅसवर दूध ठेवून मी दोनदा विसरले, दोनदा त्यानं घर वाचवलं. ज्याचं चांगलं त्याला चांगलं बोलावं.

पण महिना सरला नाय तोच ठिपका लाल. प्रविण सुट्टीच्या दिवशी आला तो चेहरा पाडून. मला बाजूला घेऊन फोन दाखवला. बाबा कधीही झोपतात, कधीही उठतात, आज मध्यरात्री तर चार दिवसांनी पहाटे. जेवणाला धरबंध नाय, दार उघडून मागं जातात. कंपनीवाल्यांचं म्हणणं, दिवस-रात्रीचा घोळ व्हायला लागला की ती विसरण्याच्या आजाराची सुरुवात असू शकते, डॉक्टरला दाखवा. 

मला आधी राग आला, मग हसू आलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या मांडीवर टाकलं आणि बोलले, तारीख नको बघू, तिथी बघ. पुनवेला कधी उठला, ते फोनात बघ. दुसऱ्या दिवशी कधी, तिसऱ्या दिवशी कधी. पाणी रोज पाऊण तास पुढं सरकतं, तसा तुझा बाप सरकतो. त्याचं जेवण सरकतं, दुपारची झोप सरकते आणि त्याच्या मागं माझी चूल सरकते. लग्न झाल्यापासून मी घड्याळ बघितलं ते फक्त एसटीसाठी.

प्रविण एका हातात फोन, एका हातात कॅलेंडर घेऊन बसला. मग त्यानं कपाळाला हात लावला आणि हसत सुटला. बापाच्या मागं कंदील धरून बांधावर जाणारं हेच ते पोर, पण धाटावच्या शिफ्टनं त्याच्या अंगातली भरती पार काढून टाकली होती. त्यानं कंपनीला फोन लावला. भरती म्हणजे काय हेच तिकडच्या पोरीला समजवण्यात त्याचा अर्धा तास गेला. पण तिनं काहीतरी बटण फिरवलं आणि म्हाताऱ्याचं रात्रीचं उठणं मशीनला चालायला लागलं. ठिपका हिरवा झाला. प्रविण सोड्यांची पिशवी घेऊन खुशीत रोह्याला गेला.

दिवाळी झाली, थंडी पडली, वालाच्या शेंगा भरायला लागल्या. एक दिवस दुपारी मी पडवीत शेंगा सोलत होते आणि प्रविणचा फोन आला. आवाज असा की बढती मिळाली असावी. बोलला, आई, बाबांनी कमाल केली. पंधरा दिवस झाले, रात्रीचे नेमानं झोपतात, सकाळी एकाच वेळेला उठतात, जेवण पण वेळेवर. सगळं हिरवंगार. कंपनीवाल्यांनी सुद्धा शाब्बासकी दिली, बोलले, आता घडी बसली.

मी बरं बोलले आणि फोन ठेवला. शेंगेतला दाणा हातातच राहिला.

त्या दिवशी अमावस्या. भर दुपार. म्हणजे उधाणाचं पाणी बांधाला टेकलेलं असणार, आणि होतंच, वास इथवर येत होता. आणि आमचा म्हातारा आत, खाडीकडं पाठ करून, आरामात आमटी-भात कालवत होता. उधाणाच्या भरतीला हा माणूस कधी ताटावर बसलेला मी बघितला नाय. पोराच्या बारशाला बसला नाय, बहिणीच्या हळदीत बसला नाय.

मी उंबऱ्यात उभी राहिले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अवो, पाणी कुठवर आलं असंल?"

त्यानं घास गिळला. "आता कुठलं पाणी," तो बोलला. "सुकती हाय."

 मी तिथंच खाली बसले. मला माझाच राग आला, कारण मला कळायला पायजे होतं. पण मी पाणी ओळखायचे ते याच्या उठण्यावरून. हा उठला की भरती, हा परतला की सुकती. माझं घड्याळच बंद पडलं आणि टिकटिक ऐकू येत नाय हे माझ्या ध्यानात आलं नाय. मशीनच्या लाल ठिपक्याला मी हसले होते. आता त्याच्या हिरव्या ठिपक्यानं मला रडवलं.

आणि खरी गोची पुढंच. फोनात सगळं हिरवं. कंपनी खूश, पोरगा खूश. अख्ख्या जगात एकटीला मला ठाऊक की हा माणूस बिघडला. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी गाडी दारात आणि आम्ही रोह्याच्या फ्लॅटमध्ये. मी बोलले नाय. उलट मी लबाडी सुरू केली. कॅलेंडर उशाला घेतलं, तिथीवरून हिशेब मांडला आणि भरतीला मीच त्याला हलवून उठवायला लागले. चला, पाणी आलं. तो उठायचा, काठी घ्यायचा, बांधावर जायचा, मी मागून. तिथं गेला की त्याला बरं वाटायचं, चेहरा उजळायचा, खेकड्यानं बीळ पाडलेलं दिसलं की पायानं बुजवायचा. मशीनला वाटलं, म्हातारा पहिल्यासारखा भरतीला उठतोय. ठिपका हिरवाच. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

एक दिवस मला पेणला जावं लागलं, दातांचं काम होतं. काळुरामला बोलून गेले की जरा लक्ष ठेव. काळुराम शेजारचा, म्हाताऱ्याबरोबर मिठागरात काम केलेला, आता घरीच असतो. मी परत आले तवा दोघं आमच्या मागच्या दारात बसलेले, म्हातारा कमरेपर्यंत चिखलानं माखलेला, काळुराम त्याच्यावर तांब्यानं पाणी ओतत होता. काळुरामनं सांगितलं ते असं. पाणी पार ओसरलेलं असताना हा बांध उतरून खाली खाडीच्या अंगाला गेला आणि रुतला. काळुराम ओरडला, दत्ता, थांब, हलू नको, आणि फळी टाकून त्याला ओढून काढला. सुकतीच्या चिखलात पाय टाकू नये हे आमच्यात रांगतं पोर पण शिकतं. आणि हे आमचा उघाडीवाला विसरला. तासाभरात पाणी चढायला लागलं असतं. पुढचं मला बोलवत नाय.

मशीननं काय सांगितलं नाय. ते तरी काय सांगणार? दिवसा बांधावर जाणं म्हणजे चांगलं, हे त्याला मीच शिकवून ठेवलेलं. ठिपका हिरवा होता.

त्याच संध्याकाळी मी फोन लावला. प्रविणला बोलले, "तुझा ठिपका खोटा हाय. तुझ्या बाबाला पाणी कळत नाय आता." आणि माझी सगळी लबाडी त्याला सांगितली.  मग तो बोलला, उद्या येतो.

आला तो सुट्टी टाकून, भाड्याची गाडी घेऊन. मला रागे भरंल असं वाटलेलं, पण भरला नाय, त्यानं मला जास्त लागलं. आत गेला, बापाशेजारी चटईवर बसला आणि लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "बाबा, आज भरती कधी?"

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्याकडं बघितलं. शाळेत मास्तरनं उभं केल्यावर पोर शेजारच्याकडं बघतं, तसं. मी मान वळवली. प्रविण उठून मागं गेला आणि पावसासाठी रचलेल्या लाकडांच्या आडोशाला उभा राहून रडला. मी त्याला रडू दिला.

पेणला डॉक्टरकडं नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर बोलले, आजार सुरू झाला हाय, बरा होणार नाय, पण गोळ्यांनी सावकाश चालंल. आणि एक बोलले की ओळखीच्या जागेतून एकदम उपटू नका, जेवढं होतंय तेवढं त्याचं त्याला करू द्या, फक्त एकटं सोडू नका.  घरी आल्यावर प्रविण मला बोलला, आई, मी आठवडाभर हाय. पाण्याची वेळ मशीनलाच सांगायला लावतो. बाबा त्या हाकेवर नीट उठले आणि तुझ्याबरोबर जाऊन नीट परत आले, तर राहा इथं. नाय तर रविवारी मी दोघांना घेऊन जातो, मग मला काय बोलू नको. मी बोलले, बरं. 

पोरगं कामाला लागलं. वर्षाच्या भरतीच्या वेळा फोनात घातल्या. मागच्या दाराची डबडी अशी केली की म्हातारा एकटा बाहेर पडला की माझा आणि काळुरामचा फोन वाजायलाच पायजे. आणि पुण्याच्या सूनबाईला शिकवलं, भरती आली की सांगायचं. ती सांगायला लागली, "भरतीची वेळ झाली आहे." म्हाताऱ्यानं तिच्याकडं ढुंकून बघितलं नाय. तिच्या औषधांना तो कधी उठायचा नाय, तर भरतीला कशाला उठंल? मीच दर वेळी गोळी हातावर ठेवायचे.

मग प्रविणला सुचलं की माझा आवाज भरायचा. मी बोलले, अवो, उठा, पाणी आलं. ते डबीतून वाजलं. म्हाताऱ्यानं टीव्हीकडं बघितलं. टीव्हीत दिवसभर कुठली ना कुठली बायको अवो, अवो करतच असते, त्याला वाटलं तिथलीच कोणीतरी. दोन दिवस असेच गेले. शनिवार उजाडला. प्रतिक्षानं फोन करून विचारलं, आतल्या खोलीत पलंग कुठल्या भिंतीला लावू. चांगली पोर हाय, पण तो प्रश्न माझ्या काळजात घुसला.

प्रविण बोलला, आई, नाव घेऊन हाक मार. डॉक्टर पण बोलले होते, नावानं हाक मारली की लक्ष जातं.

आता याला काय सांगू. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाय. घेतलं ते लग्नात, पाच जणींनी दार अडवलं तवा, उखाण्यात. त्याला किती वर्षं झाली. दवाखान्यात नाव विचारतात तवा मी प्रविणकडं बोट करते, याला विचारा. माझी सून प्रविण, कचरा टाक, प्रविण, गॅस बंद कर, असं बिनदिक्कत ओरडते आणि आकाश काय पडत नाय, ते मला दिसतं. पण माझ्या जिभेला ते वळण नाय. मी बोलले, माझ्यानं होणार नाय.  प्रविण बॅगेत बापाचे सदरे भरायला लागला.

ते सदरे बघून मी उठले. त्याला बोलले, बाहेर जा. काळुराम येऊन बसलेला, त्याला पण बाहेर घालवला. दार लावलं, डबी तोंडाजवळ घेतली आणि एकदाचं बोलले. या वयात माझे कान तापले.

दुपारी भरतीची वेळ आली. आम्ही पडवीत बसलेलो, मी, प्रविण आणि म्हातारा. म्हातारा डोळे उघडे ठेवून कुठंच बघत नव्हता. प्रविणची बॅग पायरीवर. मी हात जोडले नाय, पण मनातून गावदेवीला जे बोलायचं ते बोलले. आणि फळीवरून माझा आवाज आला.

"दत्तात्रेय, उठा. पाणी आलं."

म्हाताऱ्याची मान वळली. त्यानं डबीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं झुकून, लोकांची चहाडी सांगावी तसं हळूच बोलला, "कोणाची गो ही बायको? नवऱ्याचं नाव घेते."

रडू का हसू मला कळंना. इतक्या वर्षांचा संसार, आणि माझाच आवाज त्याला परका. प्रविणनं तोंड फिरवलं.

"तुमचीच," मी बोलले.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग बोळक्या तोंडाचं ते हसू हळूहळू सगळ्या चेहऱ्यावर पसरलं, हळदीला बसलेल्या नवरदेवाचं असतं तसं. त्यानं हात लांब करून काठी चाचपली आणि प्रविणच्या खांद्याचा आधार घेऊन उठला.

"मंग जायला पायजे," तो बोलला.